खोकं नसलेला कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. एवढं बोलतो आणि लगेच अडखळतो. कारण जुना कॅमेरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लग्नं, सहली आणि वाढदिवस पाहून दमलेला कुणीतरी येतो. मी त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. माझ्या बटणांवरच्या खुणा पुसट झाल्या आहेत, पकडायच्या जागचं रबर सैल झालं आहे, पण अगदी परवापरवापर्यंत माझ्या पोटात एकही फोटो नव्हता. मग मी जुना की नवा? माझं मलाच कळत नाही. तेव्हा ही गोष्ट एका गोंधळलेल्याची आहे असं समजूनच वाचा.

माझा जन्म एका लख्ख कारखान्यात झाला. तिथली माणसं पांढरे झगे घालून आणि तोंडाला फडकं बांधून काम करायची. आमच्या जातीच्या कॅमेऱ्यांच्या पोटात एक छोटा आरसा असतो. समोरचं दृश्य त्याच्यावर पडून तुमच्या डोळ्यापर्यंत पोचतं. बटण दाबलं की तो टुणकन वर उडतो, आणि जो ‘खटॅक’ आवाज येतो तो त्याचाच. माझा आरसा एका बाईंनी श्वास रोखून बसवला होता. तो नीट बसल्यावर त्यांनी सोडलेला सुस्कारा हे माझं पहिलं कौतुक. मग मला एका खोक्यात झोपवलं. सोबत एक जाडजूड माहितीपुस्तक होतं. ते माझ्याबद्दलच होतं म्हणे, पण ते आजवर कुणी उघडलेलं मी पाहिलं नाही.

दुकानात पोचल्यावर मालकाने आमच्या खोक्यांच्या राशीतून नेमकं माझंच खोकं फोडलं. मला हर्ष झाला. त्याने मला काउंटरवर ठेवलं, गळ्यात एक वायर अडकवली आणि वायरीचं दुसरं टोक काउंटरखाली ठोकून टाकलं. कुणी मला ओढून नेऊ लागलं तर दुकानभर ठणाणा व्हावा अशी ती व्यवस्था होती. माझ्या खोक्यात मालकाने सुटे स्क्रू ठेवले, आणि पुढे ते खोकं कुठे गेलं देव जाणे.

त्यानंतर गिऱ्हाइकं यायला लागली. प्रत्येक जण मला उचलायचा, डोळ्याला लावायचा, खटॅक करायचा आणि म्हणायचा, मस्त आहे, हाच द्या. पहिल्या वेळी मी सगळ्यांचा मनातल्या मनात निरोपसुद्धा घेतला होता. पण मालक आत गेला, माझ्यासारखाच एक बंद खोक्यातला भाऊ घेऊन आला, तो पिशवीत घातला आणि मला फडक्याने पुसून जागेवर ठेवलं. मला वाटलं, काहीतरी चूक झाली असेल. पुढच्या वेळीही तेच झालं. मग हळूहळू उमगलं की मी नमुना आहे. मला बघायचं आणि दुसऱ्याला न्यायचं, अशी इथली रीत. शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठीक, पण त्या शिताला काय वाटतं हे कुणी विचारतं का?

शिवाय माझ्यात कार्ड नव्हतं. कॅमेऱ्याचे फोटो एका नखाएवढ्या कार्डावर साठतात. नमुन्याला कार्ड कोण घालणार? त्यामुळे मी दिवसभर खटॅक खटॅक करायचो आणि पाहिलेलं त्याच क्षणी विसरायचो.

एकच गोष्ट मी विसरलो नाही, कारण ती रोज समोरच होती. रस्त्यापलीकडे चपलाबुटांचं दुकान होतं. त्याच्यावर पत्र्याचा मोठा, हाताने रंगवलेला बोर्ड होता. तीन पत्रे जोडून केलेला. पहिल्या दोन पत्र्यांवर दुकानाचं नाव आणि तिसऱ्यावर एक तपकिरी बूट. बूट इतका झकास होता की त्याच्या टाचेवरची चमक पाहून खरंच ऊन पडलंय असं वाटावं. पण त्या बुटाला लेस ओवायची एका बाजूला जितकी भोकं होती, त्यापेक्षा दुसऱ्या बाजूला एक जास्त होतं. इतका पट्टीचा रंगारी आणि भोकं मोजायला चुकला? मी वर्षानुवर्षं त्या जादा भोकाकडे बघत बसलो. काही उलगडा झाला नाही.

दिवस गेले. आरसा नसलेले हलके, नव्या धाटणीचे कॅमेरे आले. काउंटरचा मधला भाग त्यांना मिळाला आणि मी सरकत सरकत दाराजवळ पोचलो. माझे भाऊ संपले, नवे यायचे बंद झाले. ज्या मालाचा मी नमुना होतो तो मालच उरला नाही. तरी मालक सवयीने रोज सकाळी माझी बॅटरी भरायचा. का भरायचा, हे त्याला विचारलं असतं तर त्यालाही सांगता आलं नसतं.

तेव्हाच ती आली. दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती आणि जेवणाच्या सुट्टीत यायची. मी तिचं नाव चष्मेवाली ठेवलं. आयुष्यातला पहिला कॅमेरा घ्यायचा होता तिला, आणि कोणता घ्यायचा ते कळत नव्हतं. तिचे भाऊजी म्हणजे सर्वज्ञ. त्यांनी सांगितलं होतं की घ्यायचा तर मोठाच घे, आणि आपोआप फोटो काढणाऱ्या हिरव्या खुणेला हात लावू नकोस, ती लहान पोरांसाठी असते. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आरशाचा घेऊच नकोस, त्यांचा जमाना गेला. मैत्रीण म्हणाली, कॅमेरा कसलाही चालेल, सगळी करामत लेन्सची. इंटरनेटवर तर दर माणसागणिक नवं मत. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे खरं. पण मनालाच काही ठाऊक नसलं तर त्याचं ऐकून काय होणार?

सगळ्यांचं एकमत फक्त कार्डावर होतं, की ते चांगलं घे. म्हणून तिने आधी कार्डच घेतलं. कॅमेऱ्याचा पत्ता नाही आणि कार्ड पर्समध्ये. बाजारात तुरी, तसला प्रकार. मालक हसला, तीही हसली, पण कार्ड रोज बरोबर आणायची.

तिला कॅमेरा कशाला हवा होता, ते तिने एकदा मालकाला सांगितलं. तिचे वडील म्हणजे बोर्डवाले काका. एके काळी या सगळ्या रस्त्यांवरचे बोर्ड त्यांनी रंगवलेले. आता त्यांचा हात कापायचा आणि गुडघे त्यांना फार लांब जाऊ द्यायचे नाहीत. एकेक दुकान त्यांचा बोर्ड काढून आत दिवे लावलेला प्लास्टिकचा बोर्ड बसवत होतं. तिला ते सगळे बोर्ड फोटोत पकडून, मोठे करून, वडिलांच्या खोलीच्या भिंतीवर लावायचे होते. मालक म्हणाला, मग फोनवर काढा की. ते करून झालं होतं. तिच्या जुन्या फोनवरचा फोटो भिंतीएवढा केला की अक्षरांचा चिखल व्हायचा.

त्यात गंमत अशी की ती विचार करत होती आणि बोर्ड जात होते. पहिल्यांदा आली तेव्हा चार उरले होते. ती नवे कॅमेरे हाताळायची, गोंधळायची, आणि शेवटी दाराजवळ येऊन मला उचलायची. मी स्वस्तातला की महागातला असा प्रश्नच नव्हता, मी विकाऊच नव्हतो. म्हणूनच बहुधा माझ्याजवळ तिला मोकळं वाटायचं. बघायच्या खिडकीशेजारी माझं एक बारीक चाक आहे, ते फिरवून ती मला आपल्या नजरेला जुळवून घ्यायची. नंतर येणारा कुणीतरी ते बिघडवून ठेवायचा, ती पुन्हा जुळवायची. हळूहळू तिची बोटं न बघता माझ्या बटणांवर पोचायला लागली. तोवर किराणा दुकानाचा बोर्ड गेला, घड्याळजीचा गेला, मग शिंप्याचा. राहिला फक्त समोरचा बूट.

एके दुपारी ती वडिलांनाच घेऊन आली. म्हणाली, बाबा, आता तुम्हीच काय ते ठरवा. काका स्टुलावर टेकले, काउंटरवरच्या एवढ्या सगळ्या कॅमेऱ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, “कोणता रंग घेऊ म्हणत मी असा उभा राहिलो असतो, तर अर्ध्या दुकानांना अजून नाव मिळालं नसतं.”

मालक खो खो हसला. चष्मेवाली हसली नाही. ती नव्या दोन कॅमेऱ्यांमधला फरक तिसऱ्यांदा विचारत होती. त्यामुळे पलीकडे शिडी लागली ते आधी काकांना दिसलं. दोन कामगार चढले होते आणि खाली प्लास्टिकचा कोरा बोर्ड टेकवून ठेवला होता. काका उजवा हात डाव्या हाताने धरून बसले. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग बाहेर पाहिलं.

पुढचं इतकं झटपट घडलं की माझा अजून मेळ लागत नाही. तिने नवा कॅमेरा ठेवला, मला उचललं आणि पर्समधलं कार्ड माझ्या पोटात घातलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मला कसंतरीच झालं. ती मला घेऊन दाराकडे धावली आणि उंबरठ्यावर माझी वायर ताणली गेली. तिथूनच तिने मला डोळ्याला लावलं. अख्खा बोर्ड समोर होता, नाव, बूट, सगळं. खटॅक.

फोटो पांढराफटक आला. ना अक्षर, ना बूट. फोटो कोणत्या पद्धतीने काढायचा ते ठरवणारी माझ्या डोक्यावरची तबकडी सकाळी कुणीतरी भलतीकडे फिरवून ठेवली होती आणि मी तिथे अंधार आहे असं समजून भर उन्हात डोळे फाडून पाहिलं होतं. तिने तबकडी फिरवली, परत फिरवली. भाऊजींनी सांगितलेलं सगळं एकदम आठवायला गेली आणि एकही धड आठवेना. तेवढ्यात पलीकडे पहिला पत्रा उतरला. नावाची सुरुवात गेली. मला शरम वाटली. आयुष्यभर कौतुक ऐकलं आणि पहिल्याच कामाला मी असा निघालो.

तिचे डोळे भरून आले होते. ती नकळत एक पाऊल पुढे सरकली, आणि माझ्या गळ्यातली वायर सुटली. दुकानात ठणाणा सुरू झाला. असा आवाज की रस्त्यावरची माणसं थांबली, मालक किल्ली शोधायला धावला, किल्ली सापडेना. शिडीवरच्या दोघांना वाटलं, इथे कुणीतरी चोरी करतंय. हातातलं काम तसंच टाकून ते आमच्याकडे बघत राहिले.

त्या गोंधळात तिच्या अंगठ्याने भाऊजींची आज्ञा मोडली. तबकडी हिरव्या खुणेवर आली. लहान पोरांच्या खुणेवर. खटॅक.

या वेळी आलं. नावाचा उरलेला तुकडा, तोंड वासलेले दोन कामगार आणि तो तपकिरी बूट, टाचेवरच्या उन्हासकट. त्यानंतर तिने बरेच काढले, पण नीट आलेला तो पहिला.

किल्ली सापडली, ठणाणा थांबला. तिने मला काकांसमोर धरलं. माझ्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर ते डोळे बारीक करून बघत होते. त्यांनी बूट मोठा करून दाखवायला सांगितलं, आणखी मोठा. मग त्यांची तर्जनी त्या जादा भोकावर टेकली.

“हे तुझं बोट,” ते म्हणाले. “ओल्या रंगात खुपसलं होतंस. पुसायला गेलो तर तू भोकाड पसरलंस. मग म्हटलं, असू दे, एक भोक जास्त.”

माझं इतक्या वर्षांचं कोडं सुटलं. चूक नव्हती ती.

मालक म्हणाला की आता तरी ठरवा, आतून नव्या धाटणीचा, बंद खोक्यातला आणतो. तिने मला खाली ठेवलं नाही. हाच द्या, म्हणाली. हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं होतं, म्हणून मी मुळीच हुरळलो नाही.

“ह्याला तर खोकंसुद्धा नाही, ताई,” मालक म्हणाला.

“मला फोटो काढायचेत,” ती म्हणाली. “खोक्याचं काय करू?”

मालक डोकं खाजवत राहिला. नमुना विकायची पद्धतच नव्हती, तेव्हा काय करावं त्याला कळेना. शेवटी त्याने सवयीने मला फडक्याने पुसलं आणि जागेवर ठेवायला वळला. मग थांबला, आणि मला तिच्या हातात दिलं.

आता मी काकांच्या खोलीत एका खिळ्याला टांगलेला असतो. समोरच्या भिंतीवर बूट आहे, भिंतीएवढा, एकाही अक्षराचा चिखल न होता. फोटो मोठे करायला द्यायच्या दिवशी चष्मेवाली तो पांढराफटक फोटो पुसून टाकणार होती. काकांनी तिला थांबवलं. त्याच फोटोत अख्खा बोर्ड होता, हे त्यांना माहीत होतं. त्या पांढऱ्याकडे बघून ते म्हणाले, “हा बरोबर आलाय. बोर्ड आधी असाच असतो. पांढरा हात मारल्याशिवाय वर रंग बसतच नाही.”

म्हणून तोही शेजारी लावला आहे. पाहुणे येतात, बुटाचं कौतुक करतात आणि मोकळ्या पांढऱ्या चौकटीपुढे गोंधळून उभे राहतात. कुणी विचारलं तर काका सांगतात, नाहीतर सांगत नाहीत.

माझा गोंधळ संपला असं समजू नका. चष्मेवाली अजून माझी तबकडी उलटसुलट फिरवते, कधी उजेडाला अंधार समजायला लावते, आणि भाऊजी दर रविवारी येऊन दुसराच कॅमेरा घ्यायला हवा होता असं सांगतात. खरं असेलही. पण आता आम्ही दोघं मिळून चुकतो, आणि ते चुकलेलं माझ्या पोटात राहतं.

मित्रांनो, धूळ लागू देऊ नका, ओलाव्यात ठेवू नका, हे सगळं त्या जाडजूड पुस्तकात आहेच. मी एवढंच मागतो. तुमच्या घरात एखादा कॅमेरा चांगल्या दिवसाची वाट बघत कपाटात बसला असेल, तर त्याला बाहेर काढा. पहिला फोटो कदाचित पांढरा येईल. येऊ द्या.