बुआफानचा शंभरावा दिवस

"दोन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय का, मास्तर?" थोंगयून म्हणाली. अंगणातल्या नळाखाली ती चिकट तांदूळ धूत होती आणि मान वर न करता बोलत होती. "मुदत संपून दोन दिवस वर झाले तर दंड होतो. भरायचा. तो नदीकडचा जर्मन म्हातारा तर दोन महिने वर राहिला. त्याला काय फासावर चढवलं?"

"तेव्हा सैन्य नव्हतं, आक्का."

"सैन्याला तुमचंच काम पडलंय. ते बसलेत तिकडं बँकॉकात."

"पुलावरपण बसलेत."

"बसू द्या की. शंभरावा होऊ द्या, मग जा आन् काय शिक्का मारायचा तो मारून घ्या."

एलिसिओने पासपोर्ट सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. आज शनिवार, त्याच्या इथे राहायच्या मुदतीचा शेवटचा दिवस. सोमवारी त्याची बायको बुआफान हिला जाऊन शंभर दिवस होणार होते. त्या दिवशी नऊ भिक्खू जेवायला यायचे होते, आणि इतके दिवस घरातल्या फळीवर ठेवलेलं तिच्या अस्थींचं मडकं विहाराच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवून वर सिमेंट लावायचं होतं. मडकं नवऱ्याने ठेवायचं. ते ठेवेपर्यंत बाई अर्धी घरात असते, असं थोंगयून म्हणायची.

"जेवायच्या आत येतो," तो म्हणाला.

"सगळं नियमानं. मेलं एवढं नियमानं कुणी जगतं का," थोंगयून तांदळाशी बोलल्यासारखी बोलली. ती बुआफानची थोरली बहीण. बावीस वर्षांत तिने एलिसिओला नावाने हाक मारली नव्हती. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाली, ते मास्तरच.

तो मूळचा फिलिपिन्सचा. थायलंडच्या सीमेवरच्या नाँगखाई गावातल्या एका खाजगी शाळेत इंग्रजी शिकवायला दोन वर्षांच्या करारावर आला होता. त्याच्या खोलीसमोर बुआफान हातगाडीवर कोंबडी भाजायची. धूर सरळ त्याच्या खिडकीत जायचा. तो तक्रार करायला खाली उतरला आणि अर्धी कोंबडी घेऊन वर गेला. पुढे लग्न झालं. मूल झालं नाही. शाळा सुटली की तो गाडीवर पंखा घेऊन निखारे फुलवत बसायचा. जुने विद्यार्थी म्हणायचे, मास्तर, तुम्हाला व्याकरणापेक्षा कोंबडी बरी जमते.

बायको इथली, म्हणून त्याला दरवर्षी एक वर्ष राहायला मिळायचं. त्यासाठी तिला कचेरीत जाऊन सही करावी लागे, की हा माझा नवरा आहे आणि आम्ही एका घरात राहतो. ती पेन हातात घेऊन थांबायची. "करू की नको? काल भांडी कुणी घासली नव्हती?" साहेब हसायचे. एलिसिओ हसायचा, पण सही होईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. गेल्या वर्षी ती डोक्याला रुमाल बांधून आली होती. औषधांनी केस गेले होते. त्या वेळी ती थांबली नाही. पेन घेतलं आणि लगेच सही केली.

या वर्षी सही करायला कुणी नव्हतं. शाळेनेही मार्चमध्ये करार वाढवला नाही. शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "देशात काय होणार ते कुणालाच कळत नाहीये, मास्तर. परदेशी माणसांबद्दल उद्या काय नियम येईल कोण जाणे. थोडं थांबा." मग मे महिन्यात सैन्याने राज्य हातात घेतलं. आठवडाभर टीव्हीवर फक्त गाणी लागत होती. बाजारात लोक भाज्यांचे भाव तेवढे मोठ्याने बोलत.

राहिला एकच मार्ग. पूल ओलांडून लाओसमध्ये जायचं, तिकडच्या मातीवर पाय टेकवायचा आणि परत यायचं, की तीस दिवसांचा नवा शिक्का. वर्षानुवर्षं सगळे परदेशी तेच करत आले होते. एलिसिओवर ती वेळ कधी आली नव्हती, एवढंच.

पुलावरची बस दहाला सुटली. पलीकडे त्याने शिक्का मारून घेतला, एका टपरीवर गारढोण कॉफी घेतली आणि साडेअकराला तो परत इकडच्या खिडकीपुढे उभा राहिला.

खिडकीत सुमाली होती. कामावरून घरी जाताना ती बुआफानच्या गाडीवर थांबायची, नेहमी पंखच मागायची. आज तिच्या मागे खुर्ची टाकून एक सैनिक बसला होता. वीस-बावीस वर्षांचा असेल.

"दहाला गेलात आणि साडेअकराला परत?" सुमालीने विचारलं.

"हो. शिक्क्यासाठी गेलो होतो."

सुमालीने पानं उलटली. "तुमचं तर दरवर्षी बायकोच्या नावावर असतं, मास्तर. मग हे कशाला? ताईंची गाडी पण दिसली नाही बरेच दिवस. गावाला गेल्यात?"

"वारली. फेब्रुवारीत."

सुमालीचा हात पानावरच थांबला. ती खालच्या आवाजात म्हणाली, "आज सकाळी हुकूम आलाय. जो त्याच दिवशी जाऊन त्याच दिवशी आला, त्याला आत घ्यायचं नाही. तिकडच्या आपल्या वकिलातीतून व्हिसा आणायचा."

"वकिलात आता सोमवारी उघडेल."

"हो. सोमवारी अर्ज द्यायचा, मंगळवारी मिळतो."

"सोमवारी तिचा शंभरावा आहे."

सुमालीने मागे सैनिकाकडे पाहिलं. सैनिक पुढे झुकला. तो एलिसिओकडे बघतच नव्हता, तिच्याकडे बघत होता.

"काय अडचण आहे?"

"काही नाही, सर. यांना नियम सांगतेय." तिने पासपोर्ट मिटला, पण परत दिला नाही. मान खाली घालून कागद शोधत असल्यासारखं करत ती म्हणाली, "मास्तर, घरीच राहिला असता तर काही झालं नसतं. दोन दिवस वर झाले म्हणून मी दंड घेतला असता आणि सोडून दिलं असतं. बाहेर कशाला गेलात?"

"आजची तारीख होती म्हणून," एलिसिओ म्हणाला.

तिने पासपोर्ट काचेखालून सरकवला. मागची रांग पुढे आली आणि तो बाजूला झाला.

लाओसकडे परत जाणारी बस भरलेली होती. केळीचे घड, पंख्याचे खोके, एक नवी गादी. लाओसच्या खिडकीतला माणूस त्याला ओळखून हसला.

"आत्ता तर गेलात. काही विसरलात का?"

"हो."

"काय?"

एलिसिओने पासपोर्ट पुढे केला. त्या माणसाने मान हलवली आणि शिक्का मारला.

त्याने नदीकाठच्या एका स्वस्त खाणावळीत खोली घेतली आणि थोंगयूनला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सांगत होते."

"हो, आक्का."

"सांगत होते की नाही?"

"सांगत होतात."

फोनमधून कोंबड्यांची कलकल ऐकू येत होती.

"दोन दिवस पुढं ढकललं तर?" त्याने विचारलं.

"कसं ढकलू? पाचाच्या वर माणसं जमायची तर सैन्याची परवानगी लागते, म्हणून पाटलानं छावणीतून चिठ्ठी आणलीय. तिच्यावर सोमवार लिहिलंय. नऊ भिक्खू, चाळीस माणसं. मंगळवारी जमलो तर म्हणतील सभा भरवलीय." तिने नाक ओढलं. मग आवाज अगदी बारीक केला. "आपल्या कोळी खामसिंगला होडी घेऊन पाठवते. उद्या अंधार पडला की. त्याला नदीचा दगड न् दगड ठाऊक आहे. पहाटे इथं असाल. मडकं ठेवा, तसेच परत जा. कुणाच्या बापाला कळणार नाही."

एलिसिओ खिडकीशी उभा होता. नदीचं पाणी उन्हाळ्याने आटलं होतं. पलीकडे झाडं दिसत होती, घरांची छपरं दिसत होती, एक बाई दोरीवर कपडे वाळत घालताना दिसत होती. त्या क्षणी त्याला वाटलं, हो म्हणावं. तोंडापर्यंत आलेलं होतं.

"खामसिंगला तीन मुलं आहेत," तो म्हणाला.

"मग?"

"त्याला धरलं तर तुमच्या अंगणात गाड्या येतील. शंभराव्यालाच. भिक्खू जेवत असताना."

"तुम्ही असं कसं हो बोलता? तुमचीच बायको ना ती?"

 थोंगयून रडत होती, आणि रडताना मध्येच कुणाला तरी चुलीवरच्या झाकणीला हात लावू नको म्हणून ओरडत होती.

"मडकं कुणी ठेवायचं मग?" शेवटी तिने विचारलं.

"तुम्ही ठेवा. थोरल्या आहात."

"नवऱ्यानं ठेवायचं असतं."

"नवऱ्यानं सांगितलंय म्हणून ठेवा." मग तो म्हणाला, "आक्का, कोनाड्यावरच्या फरशीवर तो हसतानाचा फोटो लावू नका. दात दिसतात म्हणून तिला आवडायचा नाही. शाळेच्या सहलीतला लावा, टोपीतला."

"टोपीत तोंडच दिसत नाही तिचं."

"तोच आवडायचा तिला."

"बरं," थोंगयून म्हणाली.

रविवार त्याने खोलीतच काढला. त्याच्या स्वतःच्या मुलखात मेलेल्या माणसाचा चाळिसावा दिवस करतात. आई म्हणायची, चाळीस दिवस जीव घराभोवती फिरतो आणि मग वर जातो. बुआफानच्या चाळिसाव्याला तो कुणाला काही बोलला नव्हता. बाजारातून येताना चर्चच्या बंद दाराशी थोडा वेळ उभा राहिला आणि घरी आला. ती नाँगखाईची. तिचा हिशेब शंभराचा. या दिवसासाठी तो थांबला होता. पुढे काय करायचं, नाँगखाईत राहायचं की पंचावन्नाव्या वर्षी फिलिपिन्सला जायचं, जिथे आता त्याला ओळखणारं कुणी नाही, हे सगळं त्याने शंभराव्यानंतर बघू म्हणून बाजूला ठेवलं होतं.

सोमवारी उजाडायच्या आत तो उठला. अंघोळ केली, पांढरा सदरा घातला. खाणावळीच्या कोपऱ्यावर एक म्हातारी चटई टाकून बसली होती. भिक्खूंना वाढायला ती वाफाळता चिकट भात छोट्या टोपल्यांतून विकत असे.

"एक द्या, आजी."

"कुठला रे तू? बोलतोस आमच्यासारखा, पण जीभ कुठंतरी अडखळते."

"फिलिपिन्सचा. राहतो पलीकडे, नाँगखाईत."

"मग इथं काय करतोस?"

"परत जाऊ दिलं नाही."

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तोंड तर आमच्यासारखंच आहे. त्यांना कसं कळलं?"

"कागदावरून."

"हां. कागद." तिने टोपली पुढे केली. "कुणासाठी वाढतोयस?"

"बायकोसाठी. आज शंभर दिवस झाले."

तिने टोपली परत मागे घेतली, वरचा भात काढून ठेवला आणि खालचा गरम भरला. "बस इथं. उभ्यानं वाढतात का? बूट काढ."

भिक्खू रांगेने आले. सात होते. एलिसिओने गुडघ्यावर बसून प्रत्येकाच्या पात्रात भाताचा एकेक गोळा ठेवला. शेवटच्या पात्रापर्यंत भात पुरला. भिक्खू उभे राहून मंत्र म्हणू लागले. म्हातारीने एक पितळी तांब्या आणि वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

आता पाणी सोडायचं असतं. केलेलं पुण्य त्या पाण्याबरोबर मेलेल्या माणसाकडे जातं. मंत्र चालू असेपर्यंत धार तुटू द्यायची नसते. एलिसिओने हे शेकडो वेळा पाहिलं होतं, पण स्वतःच्या हाताने कधी केलं नव्हतं. घरात पाणी सोडायचं काम बुआफानचं. तो तिच्या मागे बसून दोन बोटं तिच्या कोपराला लावायचा. पाणी एकाने सोडायचं, बाकीच्यांनी त्याला शिवून बसायचं, म्हणजे सगळ्यांचं पोचतं.

त्याने तांब्या उचलला आणि वाकडा केला. पाणी वाडग्यात पडू लागलं. मंत्र त्याला येत नव्हता. मनात त्याने तिचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, जसं ती कचेरीत लिहायची तसं. धार बारीक झाली.

मागून म्हातारीने चटईवरून सरकत येऊन दोन बोटं त्याच्या कोपराला लावली.  रस्त्याने एक सायकलवाला गेला. पलीकडच्या काठावर एव्हाना ऊन आलं होतं. मंत्र लांबत चालला होता आणि तांब्यात थोडंच पाणी उरलं होतं, म्हणून एलिसिओने धार अजून बारीक केली, सुतासारखी, आणि मान खाली घालून ती सांभाळत राहिला.