शिकारीला गेलेला उसना कोट

मी एक जुना लोकरी कोट आहे, आणि राहतो कुठे, तर सिंगापुरात! हसलात ना मित्रांनो? हसा. बारा महिने घाम काढणाऱ्या या शहरात माझी गत म्हणजे असून अडचण, नसून खोळंबा.

लुधियानाच्या एका कारखान्यात माझे कापड विणले गेले. जाड, करडे, मऊ. पुण्याच्या शुभदाकाकूंनी मला यजमानांच्या युरोपच्या प्रवासासाठी घेतले. पुढे नोकरीनिमित्त ते दोघे सिंगापूरला आले आणि बिशानच्या फ्लॅटमधल्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या सोबतीने मी लटकू लागलो.

पण माझे दिवस पालटले. इथल्या मराठी घरांत एक चांगली रीत आहे. चार दिवसांच्या थंडीसाठी कुणी नवा कोट घेत नाही. डिसेंबर जवळ आला की व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारणा होते आणि ज्याच्याकडे असेल तो देतो. असा मी जपानला गेलो, कोरियाला गेलो. संजीवनी नावाच्या एका विद्यार्थिनीने मला अंगात घालून पहिल्यांदा बर्फ पाहिला आणि ती चक्क रडली. "काय उबदार कोट आहे हो काकू!" असे जो तो म्हणायचा. मला कोण अभिमान वाटायचा!

२०१६ साली सिंगापुरातल्याच पुंगोल भागातून प्रबोध मला न्यायला आला. आयटी कंपनीत मॅनेजर, काकूंच्या यजमानांचा जुना सहकारी.

"कॅनडाला चाललोय, शुभदाताई. उणे तीस असतं म्हणे."

"ने की! साधना आणि जाई पण येतायत?"

"नाही, एकटाच."

एकटा का, हे काकूंनी विचारले नाही. उसने देताना फार चौकशी करणे त्यांना बरे वाटत नसे.

कारण मला त्याच्या घरी कळले. रविवारी सकाळी प्रबोधने लॅपटॉप उघडला. पडद्यावर कॅनडातला एक दाढीवाला माणूस होता. शिकारीच्या सहली काढणे हा त्याचा धंदा, आणि प्रबोध त्याच्याकडे लांडग्याची शिकार बुक करत होता. तिथे परवाना घेऊन ती करता येते. प्रबोधच्या साहेबाने केली होती. मेलेल्या लांडग्यासोबतचा फोटो साहेबाच्या केबिनमध्ये होता, आणि तसा फोटो आपलाही असला की साहेबांच्या पंगतीत आपले पान मांडले जाईल, असे प्रबोधला वाटत होते. मित्रांनो, हा घरात झुरळ दिसले तर बायकोला हाक मारणारा माणूस!

"कोट घालून दाखवा," दाढीवाला इंग्रजीत म्हणाला. प्रबोधने मला अंगात घातले. "आता बाह्या एकमेकींवर घासा." त्याने घासल्या. "उत्तम! नायलॉनचं जाकीट सळसळतं, लांडगा लांबून ऐकतो. लोकर आवाज करत नाही."

आजवर माझे पुष्कळ कौतुक झाले होते. हे मात्र मला बोचले.

दारात जाई उभी होती. प्रबोधची मुलगी, नऊ वर्षांची.

"बाबा, यू आर गोइंग टु किल अ वुल्फ?"

"अगं, तिथे खूप असतात. लीगल आहे ते."

"पण त्याने तुला काय केलं? डोन्ट गो लाह, बाबा. प्लीज!" ती इथल्या मुलांच्या सिंगापुरी इंग्रजीत विनवू लागली.

जाईची आई, साधना, स्वयंपाकघरातून आली. "प्रबोध, मला तू बर्फातली सफारी म्हणून सांगितलं होतंस."

"आता बुकिंग झालंय," प्रबोध म्हणाला.

झाले नव्हते. दाढीवाला अजून उत्तराची वाट पाहत होता. प्रबोधने जाईकडे पाहिले, मग साधनाकडे, आणि बुकिंगचे बटण दाबले.

कॅनडात आम्ही बर्फातल्या एका लाकडी खोपटात बसलो. समोर आमिष म्हणून मेलेला बैल टाकला होता. दिवस कलताना लांडगा आला. दबकत, थांबत, कान टवकारत. मला ओरडावेसे वाटले. निदान एखादे बटण तरी तुटून पडावे! पण काकूंनी सगळी बटणे पुन्हा पक्की शिवलेली. प्रबोधने बंदूक उचलली, तरी माझ्या बाह्या हूं की चूं करीनात. लांडग्याने आमच्या दिशेने पाहिले. काहीच ऐकू आले नाही, म्हणून त्याने मान खाली घातली. मग बार झाला.

फोटो साहेबाला फार आवडला. जाईने तो पाहिला नाही. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीत ती एवढेच म्हणाली, "त्याला कळलं होतं का, तू तिथे आहेस ते?"

"नाही," प्रबोध म्हणाला. मी त्याच्या मांडीवर होतो आणि मला माझ्या लोकरीची लाज वाटत होती.

ड्रायक्लीन होऊन मी बिशानला परत आलो. "उपयोग झाला ना?" काकूंनी विचारले. "खूप," प्रबोध म्हणाला. काकूंनी मला मायेने कपाटात ठेवले. त्यांना अजूनही ठाऊक नाही.

मित्रांनो, एकमेकांना वस्तू देण्याची रीत सोडू नका, ती फार चांगली आहे. पण देताना 'कशाला हवी?' एवढे विचारत जा. समोरच्याला राग आला तर येऊ द्या. आम्हा वस्तूंना नाही म्हणता येत नाही. जाईला म्हणता आले होते, पण ती लहान म्हणून तिचे कुणी ऐकले नाही. तुम्ही मोठे व्हाल, तेव्हा तुमचे ऐकतील. तेव्हा 'नाही' म्हणायला विसरू नका.