दहाच्या पान्याची जागा

तुम्ही खोटं लिहिलंत. दोन पानी चौकशी अहवाल, वर नौदलाचा शिक्का, खाली तीन सह्या आणि मधोमध एक ओळ, ‘अपघात वैमानिकाच्या चुकीमुळे झाला.’ तो वैमानिक माझा धाकटा भाऊ. वय सव्वीस. लढाई नव्हती, वादळ नव्हतं, शत्रू राहू दे, आभाळात ढगसुद्धा नव्हता. सकाळी साडेनऊला नौदलाच्या हेलिकॉप्टरमधून एकटा सरावाला उडाला आणि दहा वाजायच्या आत किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पाण्यात गेला. तुमचं काम सोपं झालं. मेलेला माणूस हरकत घेत नाही.

पण त्याची बहीण जिवंत आहे आणि ती गॅरेज चालवते.

रडगाणं गाणार नाही. त्याची आठवण निघाली की आमच्या घरात माणसं हसायलाच लागतात, त्याला माझा इलाज नाही. घरात त्याला कुणी नावाने हाक मारलीच नाही, सगळे भिंगरी म्हणायचे. एका जागी टिकायचा नाही. जेवतानाही एक पाय दाराबाहेर. मास्तरांनी एकदा बाबांना शाळेत बोलावून तक्रार केली, “तुमचा मुलगा बाकावर बसत नाही.” बाबा वैतागून म्हणाले, “बसत नाही तर उडेल!” बाबांनी आयुष्यात त्याला हजार गोष्टी सांगितल्या, त्यातली एवढी एकच त्याने मनावर घेतली.

आमचं गॅरेज दुचाक्यांचं. एक भिंत पिवळी रंगवलेली आणि तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रेघेने काढलेली. पाना, पक्कड, हातोडी, जे असेल ते. हत्यार आपल्या खिळ्याला टांगलं की आकृती झाकली जाते. उघडी दिसली तर समजायचं, काहीतरी बाहेर राहिलंय. बाबांचा कायदा एकच. भिंत भरल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर जाणार नाही. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं तरी नाही.

एकदा बँकेतल्या साहेबांची स्कूटर तयार झाली आणि लहान स्क्रूड्रायव्हर सापडेना. जोडलेली स्कूटर आम्ही परत उघडली. साहेब दर पाच मिनिटांनी घड्याळ बघतायत, भिंगरी सगळ्यांच्या पुढे सीटखाली डोकं घालून शोधतोय. तासाभराने आईने दारातून बघितलं. म्हणाली, “अरे शहाण्या, तुझ्या कानावर काय आहे?” पेन्सिलीसारखा खोचला होता कानावर. साहेब इतके हसले की उशिराबद्दल बोलायचंच विसरले. बाबा मात्र हसले नाहीत. “कानावर निघाला म्हणून हसताय. ब्रेकच्या तारेत अडकला असता तर?”

त्या दिवसापासून भिंगरी गाडी सोडण्याआधी भिंतीवरून बोट फिरवून सगळी हत्यारं मोजायचा. हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

तर त्या भिंतीवर एक आकृती आठ वर्षं उघडी होती. भिंगरी नौदलात जायला निघाला त्याच सकाळी दहाचा, म्हणजे दहा मिलिमीटरच्या नटाचा पाना गायब दिसला. बाबांनी फोनवर विचारलं, “दहाचा कुठाय?”

“मी आणला, बाबा. तुमची आठवण म्हणून.”

“आठवण म्हणून फोटो नेतात, गाढवा! चोर कुठला!”

मग दर फोनला आणि दर सुट्टीला तोच तमाशा. त्याने दारात पाऊल टाकायचं, बाबांनी मान वर न करता विचारायचं, “पाना आणलास?” त्याने म्हणायचं, “विसरलो.” बाबांनी म्हणायचं, “हेलिकॉप्टर उडवतो म्हणे. उतरायचं तरी आठवतं का?” बाबांनी दुसरा दहाचा विकत आणला, पण तो खिशात ठेवायचे. त्या खिळ्याला टांगला नाही. “जागा त्याची आहे,” म्हणायचे. कायद्यात तेवढी एक सवलत.

भिंगरीने ही चोरीची गोष्ट तिकडे इतक्यांदा सांगितली की त्याच्या तुकडीने त्याचं नावच ‘दहा नंबर’ ठेवलं.

अपघाताला दोन महिने झाल्यावर त्याच्याच तुकडीतला एक वैमानिक मित्र त्याची पेटी घेऊन आला. पोरगा इतका उंच की गॅरेजच्या चौकटीवर कपाळ आपटूनच आत आला. आई लगेच म्हणाली, “हाच तो उंट!” बिचारा कानापर्यंत लाल झाला. “काकू, तुम्हालाही सांगितलंय त्याने?”

“तुझ्या पायाचं मापसुद्धा माहीत आहे आम्हाला. बस आधी.”

आईने पेटी उघडली. कपडे निघाले, दाढीचं सामान निघालं आणि सहा मोजे निघाले, त्यात एकही जोडी नव्हती. आई मोजे हातात घेऊन म्हणाली, “पेटी त्याचीच आहे. शंका नको.” आम्ही सगळे हसलो. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

मग उंटाने खिशातून रुमालात गुंडाळलेला एक पाना काढला आणि दोन्ही हातांनी बाबांपुढे धरला. “काका, हा तुमचा. पाण्यातून काढलेले हेलिकॉप्टरचे तुकडे टेबलावर मांडले होते, त्यात दिसला. मी साहेबांना म्हटलं, हा त्याच्या वडिलांचा पाना, दोनशे वेळा ऐकलंय आम्ही. साहेब म्हणाले, मग घरच्यांना नेऊन दे.”

बाबांनी तो पॅन्टला पुसला. भिंतीपाशी गेले आणि आठ वर्षं रिकाम्या असलेल्या खिळ्याला टांगला. काळ्या रेघेबाहेर बोटभर आला. बाबांनी चष्मा लावला.

“हा तेराचा आहे.”

“काका, इतके दिवस पाण्यात होता, म्हणून कदाचित...”

“पाण्यात पाना फुगतो होय रे? राजमा आहे का तो?”

 पाना नुसता मोठाच नव्हता, मधोमध वाकला होता आणि त्याच्यावर एक खोल खाच होती. आम्ही तिघं बघत असताना आई उठून आत गेली. शिलाई मशीनच्या खणाचा आवाज आला. बाहेर येऊन तिने कामाच्या टेबलावर एक पाना ठेवला. दहाचा.

“आता ओरडायचं ते माझ्यावर ओरडा,” आई म्हणाली. “मशीनच्या चाकाचा नट दर पंधरा दिवसांनी सैल होतो. तो जायच्या आदल्या संध्याकाळी मी उचलला. त्याने बघितलं. म्हणाला, आई, गप्प बस. बाबा तुला जन्मभर ऐकवतील. मी तर उद्या चाललोय, माझ्यावर ढकल.”

बाबांनी तो पाना उचलून हातात उलटापालटा केला. “आठ वर्षं मी त्याला चोर म्हणालो.”

“आवडायचं त्याला. एखाद्या फोनला तुम्ही चोर म्हणाला नाहीत तर मला विचारायचा, बाबांची तब्येत बरी आहे ना?”

बाबांना जे हसू फुटलं ते खोकला लागेपर्यंत थांबेना. उंट एका डोळ्याने हसत होता, एका डोळ्याने रडत होता. बाबांनी दहाचा टांगला. रेघेला रेघ जुळली.

मी हसत नव्हते. माझ्या हातात तेराचा होता.

“हा नेमका कुठे सापडला?” मी विचारलं.

“पायाखालच्या पत्र्याखाली, ताई. हेलिकॉप्टर वळवणाऱ्या दांड्या जातात तिथे. त्याच्या खिशातून पडला असेल असं वाटलं आम्हाला.”

“पत्रा कसा बसवतात?”

“स्क्रूने. आठ असतात.”

“म्हणजे उडताना पाना खिशातून पडला, मग पान्यानेच आठ स्क्रू काढले, पत्र्याखाली उतरला आणि आतून परत लावून घेतले?”

उंटाचा चहाचा कप तोंडाशीच राहिला. मी रॉकेलच्या बोळ्याने पाना घासला. दांडीवर कोरलेला नंबर वर आला.

“हा कशाचा नंबर?”

त्याने वाचला आणि कप खाली ठेवला. “आमच्या हत्यारखोलीचा. तिथल्या प्रत्येक हत्यारावर असतो.”

“तिथे अशी भिंत आहे?”

“आहे, ताई. आकृत्यांसकट.”

“त्या सकाळी भरली होती?”

त्याने आमच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाला, “उड्डाणाआधी सकाळी सहाला तो पत्रा उघडला होता. हत्यारखोलीच्या वहीत नोंद आहे. ‘सर्व हत्यारे परत आली’ असंही लिहिलंय. खाली सही आहे, पण कुणाची ते लागत नाही.” आणि मग न विचारताच म्हणाला, “मला कागद द्या. मी लिहून देतो. माझं काय व्हायचं ते होऊ दे.” आईने त्याला कागद दिला. लिहून झाल्यावर जेवल्याशिवाय सोडला नाही. जाताना परत चौकटीवर आपटला.

तो कागद जोडून मी तुम्हाला दोन पत्रं लिहिली. पहिल्याला उत्तर नाही. दुसऱ्याला आलं, एका ओळीचं. ‘सदर वस्तू आपणांस नजरचुकीने देण्यात आली असून ती त्वरित परत करावी.’ म्हणजे पाना तुमचा, हे तुम्हीच लिहून दिलंत. आभारी आहे. बाबांनी ते पत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवलं. “बघा, चोर सापडला!”

तुमचा तेराचा आता दाराजवळ वेगळ्या खिळ्याला आहे. बाबांनी त्याच्यासाठी लाल रंगाने वाकडी आकृती काढली. गिऱ्हाईकं विचारतात, हा कुणाचा? बाबा सांगतात, “पाहुणा आहे. न्यायला येणार आहेत.”

या, न्या. पण हिशोबात राहा. ज्याच्या हातून पाना विसरला त्याची मान मला नको. मीसुद्धा विसरलेय, बाबाही विसरलेत. माणूस विसरतो म्हणून तर भिंत असते. मला तो माणूस हवाय, ज्याने उघडी आकृती बघून सही ठोकली. आणि ते तिघे हवेत, ज्यांच्यापुढे टेबलावर हा दांड्यांत अडकून वाकलेला पाना पडला होता आणि तरी ज्यांनी हत्यारं बोटाने मोजणाऱ्या माझ्या भावाच्या नावावर चूक लिहिली.

तेव्हा तिसऱ्यांदा, या उघड्या पत्रातून सगळ्यांसमोर विचारते. त्या सकाळी माझा भाऊ उडाला तेव्हा तुमची भिंत भरली होती का? हो की नाही? लिहून कळवा, आणि या वेळी सही अशी करा की नाव वाचता येईल.