आधी हात, मग आलेख

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे. गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मला कापणी यंत्राशेजारी बसवले. काम एकच. पात्याखालच्या प्रकाशकिरणात कुणाचा हात आला, की पापणी लवायच्या आत पाते थांबवायचे. यंत्र मावशी चालवायच्या. रोज सकाळी त्या किरणात एक लाकडी पट्टी धरायच्या. पाते पट्टीच्या वीतभर वर थांबले, की माझ्या डोक्यावर थाप मारून कामाला लागायच्या. बारा वर्षांत मी एकदाही चुकलो नाही.

मग नवे साहेब आले. म्हणाले, हा दिवसभर रिकामाच बसतो. रिकामा! अहो, राखणदार बसलेला दिसला म्हणून त्याला भाजी आणायला पाठवतात का? मालाचे तक्ते, रंगीत आलेख, छपाई, सगळे माझ्या गळ्यात मारले. माझ्या कार्यप्रणालीला एवढेच ठाऊक, की जो आधी आला त्याचे काम आधी. त्यामुळे मी आलेख रंगवत असताना हाताची सूचना आली, तर तीही रांगेत उभी राहायची.

एका सकाळी पट्टीचे दोन तुकडे झाले. मावशी ते घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी कागद पुढे केला. पाते थांबायला लागलेल्या हजार वेळांची सरासरी उत्तम आहे, एखाद्या वेळी उशीर व्हायचाच, म्हणाले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उशीर माझा, आणि हात जाणार मावशींचा!

मावशींनी वाद घातला नाही. साहेबांना यंत्रापाशी आणले, पाते सुरू केले.

"सरासरी चांगली आहे ना, साहेब? मग पट्टीच्या जागी तुमचा हात ठेवा."

साहेबांचा हात खिशातून बाहेर आला नाही.

दुपारी दुरुस्तीवाल्या ताई आल्या. त्यांनी हाताच्या सूचनेला पहिला मान दिला. आता ती आली, की हातातले काम अर्धवट टाकून मी आधी पाते थांबवतो. आलेख मागून होतात, रखडले तर रखडले. ही सुधारणा आपणच सुचवली, असे साहेब सांगत फिरतात. लाज म्हणून नाही!

मित्रांनो, ज्याच्यावर कुणाचा हात सोपवला आहे, त्याला कृपा करून रिकामा समजू नका.

मावशी अजून रोज पट्टी धरतात. पाते वीतभर वर थांबते. थाप मात्र त्यांनी पट्टी तुटली त्या दिवसापासून मारलेली नाही.