यंजूने हिसकावलेला माइक

मित्रांनो, मी एक काळी, लांबट आणि आता बरीच खिळखिळी झालेली व्हॅन आहे. माझे बोलणे तुम्हाला आवडेल की नाही, मला सांगता येत नाही. गाडीने फार बोलू नये, असे मलाही वाटते. पण मी जे ऐकले, ते माझ्याखेरीज फक्त तिघांना ठाऊक आहे, आणि ते तिघे कधी बोलणार नाहीत. म्हणून भीत भीत सुरुवात करते.

समुद्रकाठच्या एका कारखान्यात मी तयार झाले. तेव्हा माझा रंग असा चमकत असे की तपासणारा माणूस माझ्या दारात पाहून भांग सारखा करी. कोरियाच्या राजधानीतल्या, सोलमधल्या एका लहानशा गाण्याच्या कंपनीने मला नेले आणि माझ्या पोटात पाच मुली येऊन बसल्या. त्या एकत्र गात, नाचत. टीव्हीच्या इमारतीत नव्या ग्रुपना वेगळी खोली मिळत नसे. मग त्या माझ्यातच झोपत, माझ्यातच वेणीफणी करीत आणि गिम्बापच्या, म्हणजे शेवाळाच्या पानात गुंडाळलेल्या भाताच्या, चकत्या खाऊन भाताची शिते माझ्या सीटच्या फटीत पाडीत. मला ते आवडत असे.

त्यांची लीडर होती यंजू. बाकीच्या तिला ताई म्हणत. लीडर म्हणजे मधोमध उभी राहून मिरवणारी, असे बाहेरच्या लोकांना वाटते. मी पाहिलेली लीडर सगळ्यांच्या आधी कमरेत वाकून नमस्कार करायची आणि सगळ्यांच्या वाटची बोलणी खायची. यंजूचा जबडा रुंद होता आणि कॅमेऱ्यासमोर तिला हसू फुटत नसे. नाचताना कोण दमली, कोणाचा पाय मुरगळला, याकडेच तिचे लक्ष असे. लोकांनी तिचे नाव ‘जेलर’ ठेवले होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कंपनीने मुलींचे फोन काढून घेतले होते. पाच जणींत फोन एकच, आणि तो लीडरकडे. घरचे निरोप तिच्याच हाती येत.

“ताई, आईचा फोन आला होता?” नारे नावाची एक वात्रट मुलगी विचारी.

“आला होता. म्हणाल्या, तिला सांग, रोज दात घास.”

“खोटं! असं नाही म्हणणार माझी आई!”

“बरं, मग मीच सांगते. घास.”

मग सगळ्यात धाकटी सोदाम पुढे सरसावे. “आणि माझे बाबा?”

“तुझे बाबा विचारत होते, तू टीव्हीवर नेहमी कोपऱ्यात का असतेस. कॅमेरावाल्याशी भांडलीस का?”

सोदाम हसून लोळत असे. तिचे वडील शेजारच्या इंचॉन शहरात, बाजारात मासे विकत. त्यांचे यकृत बिघडले होते आणि हिवाळ्यापासून ते दवाखान्यात होते. बरे होतील, असे सगळेच म्हणत.

पुढे त्यांचे एक गाणे गाजले. एका शुक्रवारी संध्याकाळच्या थेट कार्यक्रमात त्यांना पहिला नंबर मिळणार, असे जो तो बोलू लागला. त्या दुपारी तालीम आटोपून तिघी जणी रंगभूषेला गेल्या. मला चालवणारा मॅनेजर मूनदादा कॉफी आणायला गेला. माझ्यात यंजू आणि सोदाम दोघीच होत्या. तेव्हा फोन वाजला.

यंजूने ऐकून घेतले, फोन ठेवला आणि लगेच म्हणाली, “सोदाम, बूट घाल. तुझ्या आईचा फोन होता. बाबांचं बरं नाही. लगेच निघायला सांगितलंय.”

सोदामने बूट पायानेच बाजूला सारले. मग म्हणाली, “गाणं झालं की निघते.”

“आत्ता निघ. आम्ही चौघी नाचू.”

“आज पहिला नंबर आहे ताई! आज! बाबांनी दवाखान्यात सगळ्यांना सांगून ठेवलंय. ते टीव्ही लावून बसले असतील.”

“त्यांना बसता येत नाहीये, सोदाम.”

“आई नेहमीच घाबरते. मागच्या महिन्यातही असाच फोन केला होता. मी धावत गेले, तर बाबा बसून पेज खात होते.”

“ऐक माझं. मी लीडर आहे.”

“लीडर आहेस. माझी आई नाहीस!” सोदामने दार उघडले आणि ती इमारतीकडे पळाली. यंजू तिच्यामागे धावली. दोघी वर गेल्या, एवढे मी पाहिले.

पुढचे मी पाहिले नाही, पण सगळ्या देशाने पाहिले. नंबर मिळाला. सोदाम माइक हातात घेऊन रडू लागली, आईबाबांचे आभार मानू लागली. यंजूने तिच्या हातातून माइक हिसकावला, दगडासारख्या चेहऱ्याने एक वाक्य बोलली आणि तिचे मनगट धरून तिला फरफटत स्टेजवरून नेले. मूनदादाने मला दारासमोर चालूच ठेवले होते. यंजूने वरूनच त्याला फोन केला असावा.

त्या दोघींनाच घेऊन मी इंचॉनच्या रस्त्याला लागले. त्या दिवशी मला जेवढे पळता आले, तेवढे मी पळाले. पण शुक्रवारची संध्याकाळ होती, पुढे गाड्यांची रांग होती आणि मला उडता येत नाही. शहर अजून संपलेही नव्हते, तोच फोन वाजला. यंजू फक्त “हो काकू” म्हणाली.

बाबा गेले, हे तिच्या आवाजावरूनच कळले. मग सोदामने विचारले, “ताई, मी हे काय केलं?”

मित्रांनो, आमच्याकडे आईबाप शेवटचा श्वास घेताना लेकराने उशाशी असावे लागते. जे नसते, ते जन्मभर खाली मान घालून चालते. आणि जे असू शकत असूनही नव्हते, त्याच्याबद्दल लोक काय बोलतात, ते मला इथे सांगवत नाही. सोदाम तेव्हा पोरगेलीच होती.

यंजूने तिचे दोन्ही हात धरले. “तू काही केलं नाहीस. तुला ठाऊकच नव्हतं. फोन माझ्याकडे आला आणि मी तुला सांगितलं नाही. कळलं?”

“पण तू तर—”

“मी सांगितलं नाही. दादा, तुम्हीही ऐकलंत ना?”

मूनदादाने आरशात पाहिले आणि पुन्हा रस्त्याकडे पाहिले. “ऐकलं,” तो म्हणाला.

दवाखान्याच्या आवारात सोदामची आत्या धावत आली. “दुपारीच फोन केला होता! दुपारीच! पोरीला निरोप मिळाला नाही का गं?”

यंजू माझ्या दारासमोर डांबरावर गुडघे टेकून बसली. “निरोप माझ्याकडे होता. मी दिला नाही.”

आत्याने तिच्या तोंडात मारली. आवारात उभ्या असलेल्या कोणीतरी ते फोनवर टिपले.

दुसऱ्या दिवसापासून दोन चित्रफिती शेजारी शेजारी फिरू लागल्या. एकीत माइक हिसकावणारी यंजू, दुसरीत गुडघ्यांवर बसलेली यंजू. लोकांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. तिचा जबडा, तिचे न हसणे, सगळ्याचा अर्थ त्यांना आता लागला. जुने कार्यक्रम पुन्हा पाहून लोक म्हणत, बघा, इथेही तिने सोदामचा खांदा दाबला. तो खांदा सोदामला घेरी आली म्हणून धरला होता, हे मला ठाऊक होते. कोणीतरी किल्लीने माझ्या दारावर कोरले, ‘शेवटची भेट चोरणारी’. कंपनीने रंग दिला. पुन्हा कोणी कोरले.

वर्षअखेरीच्या मोठ्या जलशाहून त्या परत आल्या, तेव्हा नेहमी बडबडणारी नारेसुद्धा गप्प होती. मूनदादाने विचारले, “काय झालं?”

“प्रेक्षकांनी हातातले दिवे विझवले,” नारे म्हणाली. “आधीच्या ग्रुपला हजारो दिवे हलत होते. आम्ही आलो आणि सगळं काळं. टाळी नाही, हाक नाही. आमचं पूर्ण गाणं आम्ही अंधाराला म्हणून दाखवलं.”

“दिवे माझ्यासाठी विझवले,” यंजू म्हणाली. “मी नसले की लावतील.”

त्या दिवशी बाकीच्या उतरून गेल्यावर सोदाम मागेच राहिली. “मी सांगून टाकते, ताई. मला आता सहन होत नाही.”

“सांग. मग बाजारात तुझ्या आईला कोण मासळी विकू देईल? आणि तुझ्या जाहिराती आहेत, त्यावर बाकीच्या तिघींचं चाललंय. तुझ्या डोक्यावर ते आलं तर तू उभी राहशील?”

सोदाम उतरली आणि बाकीच्यांच्या मागे गेली. मला वाटते, तिला मनातून सुटल्यासारखे झाले. मी चुकत असेन. पण तिने नंतर तो विषय कधी काढला नाही.

वसंतात यंजूने ग्रुप सोडला. तब्येतीचे कारण छापून आले. मूनदादाने तिला दोन पिशव्यांसह बस स्थानकावर सोडले. वाटेत रेडिओवर सोदामची मुलाखत लागली. ती सावकाश, गोड आवाजात म्हणत होती, “यंजूताईवर माझा राग नाही. मी तिला माफ केलं आहे.” मूनदादाचा हात झटकन रेडिओकडे गेला.

“राहू द्या दादा,” यंजू म्हणाली. “पूर्वी बोलताना अडखळायची. आता किती छान बोलते.”

ती उतरली. बसच्या रांगेत दोन शाळकरी मुलींनी तिला ओळखले, एकमेकींना कोपराने ढोसले आणि तिच्यापासून दूर जाऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर ती मला दिसली नाही. कुठे आहे, कशी आहे, मला माहीत नाही. ग्रुपच्या पुढच्या गाण्याला मात्र सगळे दिवे लागले.

कंपनी मोठी झाली, नव्या गाड्या आल्या आणि मला विकण्यात आले. आता मी एका धोब्याकडे हॉटेलांच्या चादरी वाहते. माझे सरकते दार अडकते, मागच्या सीट काढून टाकल्या आहेत. मला त्याचे दुःख नाही. परवा धोब्याची बायको पुढे बसली होती. टीव्हीच्या इमारतीवरून जाताना ती म्हणाली, “ती एक होती बघा, जेलर. पोरीला मरत्या बापाचं तोंड बघू दिलं नाही. असली माणसं रात्री झोपतात कशी?”

“झोपतात मजेत,” धोबी म्हणाला. दोघेही चांगली माणसे आहेत. माझ्या काचा रोज पुसतात.

मित्रांनो, हे सांगून मी बरोबर केले का, अजून कळत नाही. खरे सांगण्यानेही कोणाचा तरी जीव धोक्यात येऊ शकतो. आता तुमच्यातले काही सोदामवर रागावले असतील. मनातल्या मनात तिला नावे ठेवायला सुरुवातही झाली असेल. मला त्याचीच धास्ती वाटते. यंजूवर उगारलेला दगड तुम्ही खाली ठेवलात, तर तो तिथेच राहू द्या. तो उचलून त्या पोरीवर फेकू नका. तसे झाले, तर यंजूचे सगळे सोसणे वाया जाईल, आणि ते वाया घालवणारी मी ठरेन.