फक्त बाबांना दिसणारी वेबसाइट

बाबांनी वेबसाइट स्वतः केली तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. एक पाय आखूड असलेल्यांसाठी मापाचे बूट शिवण्यात हयात गेलेली. संगणकाशी संबंध शून्य. तरी तीन महिने पुस्तकात डोकं घालून त्यांनी ती उभी केली. हिरव्यावर पिवळी अक्षरं, कोपऱ्यात स्वतःचा फोटो आणि खाली मापं लिहायला एक चौकोन. पहिली ऑर्डर आली तेव्हा चारही कारागिरांना कामावरून उठवून त्यांनी स्क्रीनसमोर उभं केलं होतं.

पुढे दवाखाने माणसं पाठवू लागले. चाराचे चौदा कारागीर झाले, कारखाना लेकीच्या हाती आला, वेबसाइट मात्र होती तशीच. आठवड्याला साठ-सत्तर ऑर्डरी त्या एवढ्याशा चौकोनात येऊन आदळत. बाबा त्या छापत, वहीत उतरवत आणि जिथे कळत नसे तिथे अंदाज बांधत.

एका निवृत्त शिक्षिकेने तळाची वाढीव उंची म्हणून नुसतं ‘एक’ लिहिलं. तिच्या मनात सेंटिमीटर होता. बाबांनी इंच धरला. नवे बूट आहेत, होईल सवय, म्हणत बाई आठवडाभर त्यातच चालली आणि जिन्यावरून कोसळली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात जाऊन तिच्या मुलाची बोलणी लेकीने एकटीने खाल्ली. बाबांना पत्ता लागू दिला नाही. परत आल्या आल्या तिने नवी वेबसाइट करायला माणूस बोलावला.

बाबा अडून बसले. “माझी चालू राहू दे. तुझी हवी तर बाजूला कर.”

“बरं,” लेक म्हणाली.

त्या माणसाने नवी वेबसाइट सुरू केली, जुनी इंटरनेटवरून काढली आणि अशी ठेवली की ती फक्त कारखान्याच्या आत उघडेल. बाबांना ती रोज दिसे. ते तिच्यावर नवे फोटो चढवत, शुद्धलेखन सुधारत. पण तिच्यावर ऑर्डर येईना. “माझ्याच साइटला मंदी का गं?” ते दिवसातून दहादा विचारत. लेकीला काम सुचेना. शेवटी ती ऑफिस सांभाळणाऱ्या बाईंना म्हणाली, “तुम्हीच टाका एखादी चौकशी अधूनमधून. गप्प बसतील.”

बाईंचा हात लिहिता होता. त्यांनी एक घड्याळं दुरुस्त करणारा माणूस जन्माला घातला. एकटा राहणारा, लहानपणी पाय मोडलेला. बाबांनी त्याला लांबलचक उत्तर पाठवलं. त्याचंही उत्तर आलं. चहाच्या सुट्टीत बाई बाबांची पत्रं आवाज काढून वाचत आणि कारागीर हसून लोळत. एकदा लेकही हसली.

बाबांनी घड्याळवाल्यासाठी स्वतःच्या हाताने बूट शिवले. थरथरत्या बोटांनी, पण असे की कारागिरांनी ते उलटेपालटे करून पाहिले. आता ते पाठवायचे. पण माणसाला चालवून पाहिल्याशिवाय उंच तळाचा बूट हातात द्यायचा नाही, ही बाबांची जुनी शिस्त, ऑर्डरींच्या रेट्यात सुटलेली. एका सकाळी कुणाला न सांगता खोकं काखेत मारून ते घड्याळवाल्याने कळवलेल्या पत्त्यावर निघाले.

दुपारी परतले ते घामाने निथळत.

“तिथे गाड्या धुतात,” ते लेकीला म्हणाले. “सगळी गल्ली पालथी घातली. घर बदललं असेल बिचाऱ्याने. लिहून विचारतो.”

ते टाइप करायला बसले. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं कुणी. बाबांनी वळून पाहिलं. बाई खाली मान घालून बसल्या होत्या.

“बाबा, बस करा,” लेक म्हणाली. “घड्याळवाला नाहीच आहे. तुमची साइट आठ महिन्यांपूर्वी बंद केली. बाहेर कुणाला दिसत नाही ती.”

“मग मी कुणाला लिहीत होतो?”

लेकीची नजर बाईंकडे गेली.

“मला कुक्कुलं बाळ समजलीस? खुळखुळा दिला की खेळत बसेल?”

तिथे तिने माफी मागितली असती तर निभावलं असतं. पण आठ महिने कोंडलेलं बाहेर पडलं. “तुमच्या त्या चौकोनापायी एक बाई अंथरुणाला खिळली आहे, बाबा. इंच धरलात तुम्ही. मी निस्तरलं. तुम्ही खचाल म्हणून बोलले नाही.”

“खचायचं की नाही ते माझं मी बघितलं असतं,” बाबा म्हणाले. मग म्हणाले, “नव्या साइटवर मापं तपासायला तरी बसू दे. इंच की सेंटिमीटर, एवढंच बघेन.”

“नको. तुम्ही आता मापांना हात लावू नका.”

हे चौदा माणसांसमोर. बाबांनी चष्मा खिशात घातला आणि घरी गेले. सोमवारी त्यांच्या टेबलावर पॅकिंग सुरू झालं.

घरात दोघं बोलतात. जेवताना, टीव्हीसमोर, औषधांच्या वेळी. कुणी ओळख विचारली तर बाबा सांगतात, “आमच्या मुलीचा बुटांचा कारखाना आहे.” तुम्ही काय करायचात, असं विचारलं तर म्हणतात, “मी? काही नाही.”