आरशासमोर जुळलेली गाडी

मित्रांनो, केस कापून घेताना मान हलवायची नसते. डोळे तेवढे मोकळे असतात. ते फिरत फिरत आरशाखालच्या फळीवर येतात, आणि पावडरचा डबा आणि कंगव्यांचा पेला यांच्या मधोमध त्यांना एक लाल गाडी दिसते. ती मी. मी एक जुनी, ठोकळ्यांची गाडी आहे. रुबाब शर्यतीच्या गाडीचा, पण कधी शर्यतीत धावले नाही. माझी सारी धाव या दुकानाच्या फरशीवरची.

मला खिळा नाही की गोंद नाही. शेकडो लहान ठोकळे, पिना आणि दातेरी चाकं एकमेकांत बसवून मी तयार होते. बॉनेट उघडलं तर इंजिनातले दट्टे वर-खाली होताना दिसतात. स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळतात. पोटात बॅटरीवर चालणारी छोटी मोटर आहे आणि दोन आसनांच्या मधे गिअरचा दांडा. मला जोडणाऱ्याला एकच नियम पाळावा लागतो. पिन पूर्ण आत गेली की ‘टक्’ असा आवाज येतो. तो आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

माझे पहिले मालक गाडी चालवायला शिकवणारे एक काका. गिअर म्हणजे काय, हे ते शिकाऊ मंडळींना माझं पोट उघडून दाखवत. पुढे ते निवृत्त झाले, माझे तुकडे झाले आणि मी बिस्किटांच्या डब्यात जाऊन पडले. डब्यातलं आयुष्य फार कंटाळवाणं असतं, मित्रांनो. चाक म्हणावं तर गाडी नाही, आणि गाडी म्हणावं तर नुसता खुळखुळा.

एके सकाळी डबा उघडला तो या दुकानात. दुकान चालवणारे बाबा ओल्या फरशीवरून घसरले होते आणि त्यांच्या उजव्या हाताचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, पण बोटं आखडलेली राहिली. अंगठा करंगळीपर्यंत पोचेना. कात्री धरली की ती निसटून खाली पडे. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, “हाताला बारीक काम द्या. दुखेल, पण थांबू नका.”

काकांनी डबा टेबलावर ठेवला. “घे, याहून बारीक काम तुला मिळायचं नाही.”

“काका, ही पोरांची खेळणी.”

“मग पोर हो थोडे दिवस. आणि ऐक, माझ्या डोक्यात चिमण्यांनी घरटं केलं तरी चालेल, पण कात्री लागेल ती तुझीच. दुसऱ्याकडे मी जाणार नाही.”

काकांचे केस तेव्हाच कानांवर आले होते.

लहान मुलांना उंच बसवण्यासाठी खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकतात, ती तुम्हाला ठाऊक असेल. कदाचित तुम्ही तिच्यावर बसलाही असाल. माझा दुसरा जन्म त्या फळीवर झाला. दाढीच्या वाट्यांमधे माझे तुकडे निवडून ठेवले गेले. एका वाटीत पिना, एकीत दांडे, एकीत दातेरी चाकं. बाबा स्टुलावर बसत आणि एखाद्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं माझ्याशी बोलत. “मान सरळ ठेवा. हां, आता उजवी बाजू घेऊ.” स्टिअरिंगचं चाक डब्यात सापडलं नाही, म्हणून त्यांनी जुन्या ॲप्रनचं काळं बटण तिथे लावलं. ते आजही आहे.

बाबांची मुलगी शेजारी बसून चित्रांचं पुस्तक धरी. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचे हातपाय कधी जागेवर नसत. बाबा एक पिन बसवायला इतका वेळ घेत की भिंगरीच्या बोटांना मुंग्या येत.

“मी लावू का, बाबा?”

“नको.”

“नुसती दाबते.”

“तू पान उलट.”

दुपारी बाबा आतल्या खोलीत जाऊन कोमट पाण्यात हात बुडवून बसत. तेवढ्यात भिंगरी काय करी, ते मी सांगते. बाबांनी अर्धवट बसवलेल्या पिना ती हळूच आत दाबी. टक्, टक्. बाबा परत आले की त्या पिनांवरून बोट फिरवत आणि म्हणत, “अरे वा, बसलं की चांगलं.” मग भिंगरीला फार बरं वाटे. बाबांना आनंद द्यायचा हा सोपा मार्ग तिला सापडला होता.

एक दिवस बाबांनी माझ्या मागच्या चाकांच्या मधलं मोठं दातेरी चाक बसवलं. काका त्याला डिफरन्शियल म्हणत. त्याचे दात कुठल्या बाजूला आहेत, त्यावर गाडी पुढे जाणार की मागे हे ठरतं. बाबांनी ते दोनदा काढलं, पुस्तकात पाहिलं आणि बरोबर बसवलं. नंतर सवयीने खुर्ची गरकन फिरवून माझी पाठ आरशाकडे केली आणि ते हात शेकायला गेले.

आता, या घरात एक शिकवण होती. बाबा नेहमी म्हणत, “काम झालं की आरशात तपासावं. समोरून जे दिसत नाही, ते आरसा दाखवतो.” भिंगरीने तेच केलं. आरशात माझी पाठ पाहिली, पुस्तकातलं चित्र पाहिलं. चित्रात दात उजवीकडे, आरशात डावीकडे. ‘बाबांचं चुकलं,’ असं मनाशी म्हणून तिने ते चाक काढलं आणि उलटं करून लावलं. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला हॉर्न नाही.

मग माझ्यावर छत चढलं, दारं लागली, लाल अंग पूर्ण झालं. काका आले तेव्हा त्यांचे केस मानेवर रुळत होते. बाबांनी मला फरशीवर ठेवलं, बटण दाबलं आणि गिअरचा दांडा पुढे केला.

मी मागे गेले. थेट जाऊन खुर्चीच्या पायावर आपटले.

“माझे शिकाऊ असेच निघायचे,” काका हसून म्हणाले. “एकाने तर मला फाटकासकट मागे नेलं होतं.”

बाबा हसले नाहीत. त्यांनी मला उचललं, उलटं करून पाहिलं. “ते चाक मी दोनदा तपासून लावलं होतं,” ते म्हणाले. “पक्कं आठवतंय मला. म्हणजे हातच नाही, माझं लक्षही राहिलं नाही. उद्या कुणाच्या कानाला कात्री लागायची.” त्यांनी गिऱ्हाइकाला गुंडाळायचं पांढरं कापड माझ्यावर टाकलं. “काका, तुम्ही दुसरीकडे जा केस कापायला. मी दुकान दुसऱ्या कुणाला चालवायला द्यायचं बघतो.”

कापडाखाली मला फक्त भिंगरीच्या पायांची चुळबुळ ऐकू येत होती. मग ती थांबली.

“बाबा, ते मी फिरवलं.”

“काय?”

“ते चाक. तुम्ही आत गेलात तेव्हा. आरशात उलटं दिसलं म्हणून.”

कापड बाजूला झालं. बाबा तिच्याकडे बघत होते. “आरशात?”

“तुम्हीच म्हणता ना, आरशात तपासावं.”

“अगं भवाने, आरशात उजव्याचं डावं होतं. सलूनात वाढलीस आणि एवढं कळू नये?” बाबांच्या ओठाचा कोपरा हलला, पण लगेच ते गंभीर झाले. “आणखी काय काय केलंस?”

“पिना दाबल्या,” भिंगरी अगदी हळू आवाजात म्हणाली. “ज्या अर्ध्या होत्या त्या.”

“सगळ्या?”

“सगळ्या नाही. आधी खूप होत्या. मग कमी कमी होत गेल्या. शेवटी एकच होती.”

बाबांनी आपल्या उजव्या हाताची मूठ मिटून उघडून पाहिली. त्यांचा हात सुधारत होता, हे भिंगरीला ठाऊक होतं आणि त्यांना स्वतःला मात्र नव्हतं. मग त्यांनी मला पुन्हा फळीवर ठेवलं.

“बस इथे,” ते म्हणाले. “हात मांडीखाली घे.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

त्यांनी माझं छत उतरवलं, दारं काढली आणि पोट मोकळं केलं. एकेक पिन बाहेर आली आणि त्याच हाताने पुन्हा आत गेली. भिंगरी हातांवर बसून होती. तिचे खांदे हलत, पण हात बाहेर आले नाहीत. काही वेळा पिन निसटून फरशीवर पडे. बाबा उठून ती शोधत, पुन्हा बसत. ते काम पुढचे कित्येक दिवस चाललं.

शेवटी मी पुढे गेले. सरळ, दारापर्यंत.

त्या दिवशी बाबांनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि कापड गुंडाळलं. पहिली कात्री चालली तेव्हा भिंगरी हात पाठीमागे बांधून उभी होती. केस फार सुंदर कापले गेले असं मी म्हणणार नाही. डावीकडे थोडे जास्तच गेले. काकांनी आरशात पाहिलं आणि ते म्हणाले, “छान. आरशात तर छानच दिसतंय.”

नंतर माझं खूप कौतुक झालं. प्रत्येक गिऱ्हाईक मला हातात घेई. पुढे नवलाई सरली. कापलेले केस माझ्या गिअरांत अडकले, बॅटरी संपली आणि कुणी नवी घातली नाही. मला त्याचं वाईट वाटतं का? थोडं वाटतं. पण फळीवरून दुकान चांगलं दिसतं.

आता मोठी झालेली भिंगरी दुसऱ्या खुर्चीपाशी केस कापते. काका अजून येतात. त्यांची बोटं आता थरथरतात, आणि केस कापून झाले की शर्टाचं वरचं बटण लावायला त्यांना फार वेळ लागतो. मागे माणसं खोळंबलेली असतात. भिंगरी मात्र आपले हात पाठीमागे बांधून उभी राहते आणि आरशात दुसरीकडेच पाहते.

मित्रांनो, माझी धूळ पुसलीत तर मला आवडेल. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. तुमच्या घरी कुणाचे हात सावकाश चालत असतील, तर त्यांचं काम पटकन ओढून घेऊ नका. त्यांनी हाक मारली तर जरूर धावा. तोवर हात मांडीखाली घेऊन शेजारी बसा.

बघा, काकांचं बटण लागलं.